सूक्तं किती प्रकारची असतात? आजोबांच्या वहीच्या निमित्तानं

पूर्णाकाठची
नमस्कार मंडळी. धागा थोडा लांबणार, आधीच सांगते.

आजोबा माघात गेले. शाळामास्तर होते आणि पूजाअर्चा सगळी स्वतः करायचे. परभणीच्या घरात त्यांची लाकडी पेटी आहे, त्यात चार पोथ्या आणि एक जाड वही निघाली. वहीत सूक्तं उतरवलेली आहेत. श्रीसूक्त, पुरुषसूक्त, मन्युसूक्त, रात्रिसूक्त, रुद्र, पवमान, अथर्वशीर्ष, मंत्रपुष्पांजली. लहानपणापासून हे सगळं कानावर आहे, बरंचसं पाठही आहे. पण वही हातात घेऊन बसले तेव्हा कळलं की यातलं काय कुठलं आहे, हे मला अजिबात माहीत नाही. हे सगळं ऋग्वेदातलं आहे का? सूक्त आणि स्तोत्र यांत फरक काय? सूक्तांचे प्रकार कोणी ठरवले आणि कशावरून?

बाबांना विचारलं तर म्हणाले, "आम्ही ऐकत आलो, विचारलं कधीच नाही." ते बँकेत होते आणि आजोबा होते तोवर त्यांना कधी गरजच पडली नाही. आता वर्षश्राद्धाच्या आत मला ही वही नीट समजून घ्यायची आहे. जाणकारांनी हात धरावा.

अनुष्टुप
पूर्णाताई, प्रश्न चांगला आहे. मी अंबाजोगाईला संस्कृत शिकवायचो, आता निवृत्त आहे. जमेल तेवढं सांगतो.

सूक्त म्हणजे सु + उक्त, चांगलं बोललेलं. वेदाच्या संहितेत, म्हणजे मूळ मंत्रसंग्रहात, एका ऋषीच्या, बहुधा एका देवतेला उद्देशून एकत्र आलेल्या ऋचांचा जो गट, ते सूक्त. ऋग्वेदात अशी १०२८ सूक्तं आहेत आणि ती दहा मंडळांत लावलेली आहेत. एका सूक्तात किती ऋचा असाव्यात याचं बंधन नाही. पहिल्या मंडळातलं ९९वं सूक्त एकाच ऋचेचं आहे, 'जातवेदसे सुनवाम सोमम्'. आणि नवव्या मंडळातलं ९७वं तब्बल ५८ ऋचांचं. स्तोत्र हा शब्द आपण पुराणांतल्या आणि पुढच्या कवींच्या रचनांना लावतो. रामरक्षा स्तोत्र आहे, सूक्त नव्हे.

आता तुमची वही.
पुरुषसूक्त: ऋग्वेद, दहावं मंडळ, ९०वं सूक्त. मन्युसूक्त: दहाव्यातलीच ८३ आणि ८४ अशी दोन. रात्रिसूक्त: तेही दहाव्यातलंच, १२७वं. श्रीसूक्त ऋग्वेदाचंच मानतात, पण मूळ दहा मंडळांत ते नाही, ते परिशिष्टात आहे. अशा सूक्तांना खिलसूक्तं म्हणतात. पवमान म्हणजे 'स्वादिष्ठया मदिष्ठया' पासून म्हणत असतील तर नववं मंडळ. ते अख्खं मंडळच गाळल्या जाणाऱ्या सोमाचं आहे. अथर्वशीर्ष मात्र सूक्त नाही. ते उपनिषद आहे आणि अथर्ववेदाच्या परंपरेत गणलं जातं, म्हणून संहितेत शोधायला जाऊ नका, सापडणार नाही.

रुद्राबद्दल परळीकर सांगतील. ते जागे असतील तर.

परळीकर
जागाच आहे सर.

ताई, रुद्र यजुर्वेदातला. कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेत 'नमस्ते रुद्र मन्यव' चे अकरा अनुवाक, म्हणजे पोटभाग, आहेत, त्याला नमक म्हणतात. 'च मे, च मे' असं ज्यात येतं ते चमक, त्याचेही अकरा. शुक्ल यजुर्वेदात हाच भाग सोळाव्या अध्यायात आहे, ६६ मंत्र. म्हणून याला रुद्रसूक्त म्हणण्यापेक्षा रुद्राध्याय म्हटलेलं बरं.

वैजनाथाच्या देवळात लहानपणी मोजायला बसायचो. ११ आवर्तनांची एकादशनी, अशा ११ एकादशन्यांचा लघुरुद्र म्हणजे १२१, त्याच्या अकरापट महारुद्र १३३१, त्याच्या अकरापट अतिरुद्र १४६४१. अकराचा पाढा मी शाळेच्या आधी गाभाऱ्यात शिकलो.

अजून एक. 'त्र्यंबकं यजामहे' सगळ्यांना येतो. तो ऋग्वेदात सातव्या मंडळात आहे, वसिष्ठांच्या ५९व्या सूक्तात बाराव्या जागी. ते सूक्त मुख्यतः मरुतांचं आहे. शेवटी अचानक त्र्यंबक येतो. मला हे कळलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

टाळकरी
मंत्रपुष्पांजली राहिली की सर. ती तर गल्लीतल्या गणपतीपुढं सगळं गाव म्हणतं. आमच्याकडं पोरं 'साम्राज्यं भौज्यं' ला जो आवाज लावतात, तेवढा आरतीला पण लावत नाहीत.

अनुष्टुप
टाळकरी, ती एक रचना नाहीच. चार ठिकाणची फुलं एका ओंजळीत घेतली आहेत. 'यज्ञेन यज्ञमयजन्त' ही ऋग्वेदातली ऋचा. तीच पुरुषसूक्ताची शेवटची ऋचा आहे आणि पहिल्या मंडळातही आलेली आहे. 'राजाधिराजाय' तैत्तिरीय आरण्यकातलं. 'स्वस्ति साम्राज्यं' आणि 'तदप्येष श्लोकः' ही दोन्ही 'ऐतरेय ब्राह्मण' या वैदिक ग्रंथातली, राजाच्या अभिषेकाच्या प्रकरणातली. म्हणून त्यात साम्राज्य, भौज्य, स्वाराज्य अशी राज्यांची नावं येतात. पोरं आवाज लावतात ते योग्यच आहे, तो घोषणेचाच मजकूर आहे.

मध्यंदिन
अनुष्टुप सर, आदर ठेवून एक दुरुस्ती सुचवतो. पुरुषसूक्त ऋग्वेदातलं 'च' असं लिहू नये. आम्ही शुक्ल यजुर्वेदी, माध्यंदिन शाखेचे. मराठवाड्यात आमची घरं कमी नाहीत. आमच्या संहितेच्या ३१व्या अध्यायात ते आहे आणि मंत्र २२ आहेत. तुमचे १६.

अनुष्टुप
मान्य. एका वेदाचं नाव घेऊन थांबलो ही माझी चूक. फक्त त्या २२ पैकी पहिले १६ म्हणजे पुरुषसूक्त, त्यांचा क्रम आमच्यापेक्षा थोडा वेगळा आहे. पुढच्या सहांना उत्तरनारायण म्हणतात. पूजेत दोन्हीकडे सोळाच लागतात, कारण उपचार सोळा. आवाहनाला पहिली, आसनाला दुसरी, असं शेवटपर्यंत.

मध्यंदिन
हे बरोबर. तंटा मिटला. 🙏

माजलगावची_लेक
या वादावरून माझ्या लग्नातली गोष्ट आठवली. माहेर ऋग्वेदी, सासर यजुर्वेदी. पहिल्याच सणाला सासरे पूजेत म्हणाले, "सहस्रशीर्खा पुरुखः". मला वाटलं यांना ष म्हणता येत नाही. मी नवी सून, आणि तोंडावर ताबा नव्हता. "मामंजी, शीर्षा आहे ते" म्हणून मोकळी झाले. घरात एकदम शांतता.

सासरे रागावले नाहीत. पूजा आटोपून त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं की त्यांच्या शाखेत ष चा उच्चार ख असाच करायचा असतो, ती चूक नाही, शिस्त आहे. मग हात कसा खालीवर आणि आडवा हलवून स्वर दाखवतात तेही दाखवलं. आमच्याकडे आबा मान आणि आवाज यांवरच स्वर सांभाळायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की एकच मंत्र दोन घरांत दोन तऱ्हांनी शुद्ध असू शकतो. सासरे आता नाहीत. मी मुलाला दोन्ही तऱ्हा शिकवल्यात.

पूर्णाकाठची
किती सुंदर. माजलगावच्या ताई, डोळे भरून आले.

सर, आता प्रकारांकडे याल का? देवतेवरून प्रकार पडतात, एवढंच मला समजलंय.

अनुष्टुप
येतो. शौनकांच्या नावावर असलेल्या बृहद्देवतेत, म्हणजे ऋग्वेदातल्या देवतांवरच्या जुन्या ग्रंथात, सूक्तांचा गट चार बाजूंनी बांधला आहे. एका ऋषीची सलग सूक्तं ते ऋषिसूक्त. एका देवतेची ते देवतासूक्त. जिथवर एक विषय पुरा होतो ते अर्थसूक्त. एकाच छंदात चाललेलं ते छंदःसूक्त. म्हणजे एकच रचना चार कप्प्यांत बसू शकते. तुम्ही धान्य मोजताना कधी पायलीनं मोजता, कधी पोत्यानं. धान्य तेच.

पण माझी आवड विचाराल तर यास्कांच्या निरुक्ताची, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथातली, वाटणी मला जास्त खोल वाटते. ते विचारतात, बोलणारा कोणाशी आणि कसा बोलतोय? देवाबद्दल 'तो असा आहे' म्हणून बोललं तर परोक्षकृत. देवाला समोर उभं करून 'तू' म्हटलं तर प्रत्यक्षकृत. आणि देवताच 'मी' म्हणून बोलू लागली तर आध्यात्मिक. हा तिसरा प्रकार थोडा आहे, असं यास्क स्वतःच सांगतात आणि उदाहरण देतात वागांभृणीचं. तेच आपलं देवीसूक्त, दहाव्या मंडळातलं १२५वं, आठ ऋचांचं. 'अहं रुद्रेभिर्वसुभिश्चरामि'. योगेश्वरीच्या देवळात नवरात्रात सप्तशतीच्या पाठानंतर हे ऐकलं की वाटतं, इतका वेळ आपण देवीबद्दल बोलत होतो, आता ती बोलायला लागली.

यास्क पुढे मंत्रांत काय काय येतं तेही सांगतात. नुसती स्तुती, नुसतं मागणं, शपथ, शाप, विलाप, निंदा, प्रशंसा. शपथेला वसिष्ठांचं उदाहरण आहे: मी जादूटोणा करणारा असेन तर आजच मरेन. हे वाचताना देवघरातला मंत्र वाटत नाही. पंचायतीपुढे अंगावर आळ आलेला माणूस दिसतो.

शेतीवाला_औसा
सर, निंदा आणि प्रशंसेला यास्क जे उदाहरण देतात ते लिहा ना. की मी लिहू?

अनुष्टुप
लिहा, लिहा. तुमचाच तो हक्क.

शेतीवाला_औसा
अक्षसूक्त. दहावं मंडळ, ३४वं, १४ ऋचा. यास्क म्हणतात यात जुगाराची निंदा आहे आणि शेतीची प्रशंसा. जुगारी स्वतःच बोलतो. बायको हाकलते, सासू तिरस्कार करते, बाप-भाऊ म्हणतात हा कोण, आम्ही ओळखत नाही, बांधून न्या. आणि तेराव्या ऋचेत, 'अक्षैर्मा दीव्यः कृषिमित्कृषस्व'. फासे खेळू नको, शेतीच कर. तिथंच गाई आहेत, तिथंच बायको आहे.

आमच्या भावकीतलं एक पोरगं मोबाइलवर रमी खेळून दोन एकरांवर बोजा चढवून बसलं होतं. समजावून सगळे थकले. एका येळवशीला (वेळ अमावास्येला) रानातल्या कोपीपाशी जेवण झाल्यावर मी त्याला हे सूक्त मराठीत वाचून दाखवलं. चित्रावशास्त्र्यांचं ऋग्वेदाचं भाषांतर आमच्या तालुक्याच्या वाचनालयात आहे, त्यातूनच मी हे शिकलो. आमच्या घरात वेद कधी कुणी म्हटला नव्हता, ऐकलाही नव्हता. पोरगं बराच वेळ गप्प होतं. मग म्हणालं, "काका, हे कामून इतकं जुनं असून माझंच लिवलंय?" त्यानं लगेच सोडलं असं सांगणार नाही. पण त्या दिवशी तो पहिल्यांदा घरी खरा आकडा बोलला.

आणि येळवशीचा विषय निघालाच तर, चौथ्या मंडळातलं ५७वं सूक्त बघा. क्षेत्रपतीचं, वामदेवांचं. 'शुनं वाहाः शुनं नरः शुनं कृषतु लाङ्गलम्'. बैल सुखात असोत, माणसं सुखात असोत, नांगर सुखानं चालो. पुढं 'सीते' अशी हाक येते. ही सीता म्हणजे नांगराचं तास. आम्ही 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत रानात आंबील शिंपडतो तेव्हा मला हे सूक्त आठवतं. दोन्हीचा संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण दोन्हीकडं माणूस रानाशी बोलतोय.

तेरणाकाठ
औसेकर, हात जोडतो तुम्हाला.

रानाचं निघालंय तर पावसाचंही होऊन जाऊ द्या. मंडूकसूक्त, सातवं मंडळ, १०३वं. वर्षभर व्रत घेऊन मौन धरलेल्या ब्राह्मणांसारखे पडून राहिलेले बेडूक पाऊस येताच बोलायला लागतात. एक बोलतो, दुसरा त्याच्यामागून म्हणतो, जसा गुरूमागून शिष्य. मी स्वतः वेदपाठशाळेत दोन वर्षं होतो. सकाळी बाराजण एकदम घोकत असू तेव्हा बाहेरून तस्संच ऐकू येत असणार! यास्क सांगतात की वसिष्ठांनी पाऊस हवा म्हणून पर्जन्याची स्तुती केली आणि बेडकांनी तिला दुजोरा दिला, म्हणून वसिष्ठांनी त्यांचीच स्तुती गायली. किती मोठं मन.

माजलगावची_लेक
हे माहीत नव्हतं! आमच्याकडे कोरड्या वर्षी बायका बेडूक-बेडकीचं लग्न लावायच्या.

शेतीवाला_औसा
पर्जन्यसूक्त पाचव्या मंडळात आहे, ८३वं. गडगडाट, विजा, वाकलेली झाडं, सगळं येतं. पण मला त्यातली दहावी ऋचा फार महत्त्वाची वाटते: पाऊस पाडलास, आता आवर. मराठवाडा म्हटलं की लोकांना दुष्काळच आठवतो. सोयाबीन काढणीला आलेलं असताना चार-चार दिवस आभाळ फुटल्यावर रानात उभं राहून बघा, मग या ऋचेची किंमत कळते. 'ये' म्हणायला आणि 'थांब' म्हणायला एकच सूक्त.

टाळकरी
मंडळी, सगळं वाचतोय, गोडी पण लागली. पण मनात आहे ते बोलतो. एवढे कप्पे कशाला? पैठणला ज्ञानोबांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले असं आपण मानतो. त्या रेड्याला कुणी मंडळ आणि सूक्ताचा आकडा विचारला होता का? आमच्याकडं हरिपाठ म्हणतात, अभंग कितवा हे कुणी मोजत नाही.

अनुष्टुप
टाळकरी, तुमचं म्हणणं मनापासून आहे म्हणून मीही मनापासून उत्तर देतो. लिहून ठेवायची सोय नव्हती किंवा लिहायचं नाही असा नियम होता, तेव्हा कप्पे हेच कपाट होतं. दहा हजारांच्या वर ऋचा. त्यातली एक निखळली तर कळायचं कसं? म्हणून मंडळं मोजली, सूक्तं मोजली, ऋचा मोजल्या, अक्षरंसुद्धा मोजली. गायत्रीची २४, अनुष्टुभाची ३२, त्रिष्टुभाची ४४, जगतीची ४८. एक अक्षर कमी पडलं तर कान लगेच उभे राहतात. पुढे पदपाठ, क्रम, जटा, घन असे शब्द उलटसुलट विणून म्हणायचे प्रकार आले, तेही त्याचसाठी. ही मोजदाद केली नसती तर आज ज्याच्याबद्दल आपण बोलतोय ते उरलंच नसतं.

आणि हरिपाठाचं म्हणाल, तर त्याचे अभंगही क्रमानंच म्हणता ना? मधला एक गळला तर शेजारचा माळकरी लगेच मान वर करतो.

टाळकरी
करतो. खरंय. 😊

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. हे जपलं ते मोजक्या घरांनी, आणि बाकीच्यांना दारही दाखवलं नाही. माझ्या आजीला मंदिराच्या पारावरून पुढं येऊ दिलं नव्हतं. औसेकर वाचनालयातून शिकले, घरातून नाही. हे पण या धाग्यात असावं.

अनुष्टुप
असावंच. हे खरं आहे आणि मी त्याच घरांपैकी एकातला आहे. दहाव्या मंडळातल्या ११७व्या सूक्तात एक ओळ आहे, 'केवलाघो भवति केवलादी'. एकट्यानं खाणारा एकट्याच पापाचा धनी होतो. तिथे ती अन्नाबद्दल आहे. विद्येलाही तीच लागू आहे असं मी वर्गात सांगत आलो.

पूर्णाकाठची
सगळ्यांचे आभार. टाळकरीदादा, तुमच्या आजीबद्दल वाचून काही वेळ थांबले.

आता वहीतलं एक पान इथे उतरवते. मला यातलं काहीच लागत नाही. बाबा म्हणतात हे आजोबांनी कुणाचं तरी देणंघेणं लिहिलंय, कारण वर आणि खाली रक्कम सारखी आहे, 'आरंभीची शिल्लक, अखेरची शिल्लक'. नावं मात्र ऋषींची वाटतात.

शतर्चिनः १९१
माध्यमाः (पुढे आकडा नाही, खालच्या ओळींना धरून एक लांब कंस)
गृत्समदः ४३
विश्वामित्रः ६२
वामदेवः ५८
अत्रिः ८७
भरद्वाजः ७५
वसिष्ठः १०४
प्रगाथाः ९२ + ११
पावमान्यः ११४
(इथे कंस संपतो)
क्षुद्रसूक्ताः, महासूक्ताः १९१

खाली गार्गी, वडवा, सुलभा अशी तीन नावं आहेत आणि त्यांच्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल.

परळीकर
आकडे मंत्रजपाचे असतील का? पण १०४ म्हणजे १०८ ला चार कमी.

मध्यंदिन
सूक्तांची संख्या दिसतेय. पण 'माध्यमाः' आमच्याकडे या क्रमानं येत नाही. ऋग्वेदी मंडळींनी सांगावं.

गंगाखेडचा_भटजी
दिवसभर बाहेर होतो, आता रात्री धागा उघडला. ताई, आजोबांच्या पानाला आधी नमस्कार.

हे ऋग्वेदी लोकांच्या ब्रह्मयज्ञातलं ऋषितर्पण आहे. आश्वलायन गृह्यसूत्र या घरच्या विधींच्या ग्रंथातला क्रम. श्रावणीला गोदावरीच्या पाण्यात उभं राहून मी हे वर्षानुवर्षं म्हणतो आणि म्हणवून घेतो. शतर्चिनस्तृप्यन्तु, माध्यमास्तृप्यन्तु, गृत्समदस्तृप्यतु. एकेका नावाला पाणी सोडायचं. बारा नावं आहेत. लोक भराभर म्हणतात, कारण थंडी वाजते आणि घरी जायचं असतं.

पण ही नुसती नावं नाहीत, ऋग्वेदाची अनुक्रमणिका आहे. शतर्चिन म्हणजे शंभरेक ऋचांचे ऋषी, पहिलं मंडळ. मधुच्छंदसांची पहिली दहा सूक्तं मोजा, १०२ ऋचा भरतात. माध्यम म्हणजे मधल्या मंडळांचे ऋषी, दोन ते नऊ. त्या सगळ्यांचं ते एकत्र नाव आहे, म्हणून आजोबांनी पुढे आकडा घातला नाही, कंस घातला. मग गृत्समद दुसरं, विश्वामित्र तिसरं, वामदेव चौथं, अत्री पाचवं, भरद्वाज सहावं, वसिष्ठ सातवं. ही सहा घराण्यांची मंडळं. आठव्यात बृहती आणि सतोबृहती अशा दोन छंदांच्या जोड्या पुष्कळ येतात, त्यांना प्रगाथ म्हणतात, म्हणून प्रगाथाः. पावमान्य म्हणजे नववं, सोमाचं. दहाव्यात लहान आणि मोठी सूक्तं दोन्ही आहेत, म्हणून शेवटी क्षुद्रसूक्त आणि महासूक्त.

आकडे म्हणजे त्या त्या मंडळातली सूक्तं. पहिल्यात १९१ आणि दहाव्यातही १९१, म्हणून तुमच्या बाबांना वरची खालची शिल्लक सारखी वाटली. ९२ + ११ वरून आजोबा किती बारकाईनं शिकले होते ते कळतं. आठव्या मंडळात ४९ ते ५९ ही अकरा वालखिल्य सूक्तं आहेत. सायणाचार्यांनी ऋग्वेदावर भाष्य लिहिलं, पण ते या अकरांवर नाही. काहीजण ती धरतात, काही वेगळी मोजतात. आजोबांनी वेगळी लिहिली. बेरीज करा, १०१७ आणि ११, म्हणजे १०२८.

पंधरा वर्षं मी हे तर्पण सांगतोय. प्रत्येक नावापुढे आकडा लिहून बघावं असं मला कधी सुचलं नाही.

अनुष्टुप
भटजी, आज तुम्ही माझा वर्ग घेतलात.

एकच जोडतो. हे घराण्यांचे गट आतूनही कसे लावले आहेत बघा. दुसऱ्या मंडळात आधी अग्नीची दहा सूक्तं येतात. ऋचांचे आकडे: १६, १३, ११, ९, ८, ८, ६, ६, ६, ६. मग इंद्र सुरू होतो आणि आकडा एकदम २१ वर जातो, पुढे १५, १३, १२, १०, ९ असा पुन्हा उतरतो. घरातली उतरंड आठवा. सगळ्यात मोठं मडकं खाली, मग त्याहून लहान. देवता बदलली की नवी उतरंड. आधी देवता, मग लांबी, असा हा नियम. त्यामुळे एखादं लांब सूक्त लहानांमध्ये मध्येच आलं तर ते नंतर तिथे ठेवलं असावं, असा तर्क अभ्यासक करतात.

परळीकर
म्हणजे 'गणानां त्वा गणपतिं' दुसऱ्या मंडळातलं, गृत्समदांचं ना?

अनुष्टुप
हो, दुसरं मंडळ, २३वं सूक्त, पहिलीच ऋचा. तिथे देवता ब्रह्मणस्पती आहे.

तेरणाकाठ
अथर्ववेदाची मांडणीही अशीच मजेची आहे. पहिल्या कांडात बहुतेक सूक्तं चार मंत्रांची, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात सहा, चौथ्यात सात. तिथे उतरंड उलटी, चढत जाते. विषयही वेगळे: ताप उतरवणं, दीर्घायुष्य, घरात एकोपा, राजाचं रक्षण. बाराव्या कांडाच्या सुरुवातीला भूमिसूक्त आहे, ६३ मंत्रांचं. औसेकरांनी ते वाचलं नसेल तर जरूर वाचावं.

माजलगावची_लेक
आणि ती लाल गोलातली तीन नावं?

गंगाखेडचा_भटजी
ऋषींनंतर आचार्यांचं तर्पण येतं. त्यात गार्गी वाचक्नवी, वडवा प्रातिथेयी, सुलभा मैत्रेयी यांना पाणी देतात. बायकांची नावं आहेत. गोल का केला ते आजोबांनाच ठाऊक.

पूर्णाकाठची
मला ठाऊक आहे.

आठवीत असताना मी आजोबांना विचारलं होतं, "यात बायका कुठेच नाहीत का?" ते म्हणाले होते, "आहेत, दाखवतो." मग माझी परीक्षा आली, मग संभाजीनगरला कॉलेज, मग नोकरी. त्यांनी शोधून खूण करून ठेवली होती. मी विचारायला परत गेलेच नाही.

काल रात्री भटजींचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि बँकेतल्यासारखी आधी बेरीज केली. दोनदा. १०१७ आणि ११. मग एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागले. गृत्समदांपाशी थांबून म्हणाले, "म्हणजे दरवर्षी गणपतीत मी यांचंच म्हणतो." वसिष्ठांपाशी म्हणाले, "परळीचं मृत्युंजय यांचं." प्रत्येक नावापाशी त्यांना काहीतरी पाठ होतं. कुणाचं आहे तेवढं माहीत नव्हतं.

या श्रावणीला आम्ही दोघं गंगाखेडला येतोय. भटजी, नावं जरा सावकाश सांगाल का?

गंगाखेडचा_भटजी
या ताई. पहाटे सहाला घाटावर या. वही सोबत आणा, मलाही ते पान उतरवून घ्यायचं आहे.